कुणीतरी केला असेल की फोन

१३ मार्च १९६४, न्यूयॉर्कच्या क्वीन्समधलं क्यू गार्डन्स, पहाटेचे सव्वातीन वगैरे. २८ वर्षांची किटी जेनोवीज बारमधलं काम संपवून घरी आली, गाडी लावली, आणि दारापर्यंत पोचायच्या आत एका अनोळखी माणसाने गाठून तिच्या पाठीत चाकू खुपसला. ती किंचाळली, वरच्या खिडकीतून एकजण ओरडला की सोड त्या मुलीला, तसा तो पळाला, पण दहाएक मिनिटांनी परत आला आणि तोवर ती कशीबशी इमारतीच्या मागच्या बाजूला जाऊन पडली होती, तिथे त्याने तिच्यावर पुन्हा वार केले, त्यातच ती गेली. दोन आठवड्यांनी न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की ३८ माणसं अर्धा तास हे बघत होती आणि हल्ला चालू असताना एकानेही पोलिसांना फोन केला नाही. सगळीकडे एकच बोलणं, शहरातली माणसं दगड झालीत.

जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांना हे काही पटेना. त्यांनी कॉलेजच्या मुलांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर गप्पा मारायला लावल्या, मधेच एका आवाजाला फिट आली (आवाज रेकॉर्डेड होता, मुलांना ते माहीत नव्हतं). हे ऐकणारा मी एकटाच, असं ज्यांना वाटत होतं त्यातले ८५ टक्के फिट चालू असतानाच मदतीसाठी उठले, आणि अजून चारजण ऐकतायत असं ज्यांना वाटत होतं त्यातले फक्त ३१ टक्के. जबाबदारी वाटली जाते, म्हणजे पाचजण असले की प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडीच येते, आणि प्रत्येकजण मनात म्हणतो कुणीतरी केलं असेल.

मला यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वेगळाच वाटतो. जी मुलं उठली नाहीत ती निवांत बसलेली नव्हती, हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटलेला, खोलीत कुणी आलं की पहिला प्रश्न तोच, तो बरा आहे ना? म्हणजे आतून कळत होतं, पाय उचलत नव्हता. अशा माणसाला निर्दयी म्हणणं चूक आहे, पण म्हणून त्याचा काहीच दोष नाही असंही मला म्हणता येत नाही, कारण तिकडे जो तडफडतोय त्याच्यासाठी रिझल्ट एकच.

नंतर कळलं की ३८ चा आकडाच फुगवलेला होता, हे स्वतः टाइम्सनेही पुढे मान्य केलं. बहुतेकांनी नुसता आवाज ऐकला होता, त्यांना वाटलं नवराबायकोचं भांडण असेल. पण दोघांचं तसं नव्हतं. समोरच्या इमारतीत कामाला असलेल्या एकाने चाकू पाहिला आणि तो झोपायला गेला, आणि किटीच्या ओळखीच्या एका शेजाऱ्याने दार उघडून हल्ला पाहिला, दार लावून घेतलं. ३८ जणांवर आळ घेताना या दोघांचा खरा दोष मात्र गर्दीत हरवून गेला असं मला वाटतं.

आपल्याकडे 'नको ते पोलिसांचं लचांड' हे कारण फार चालतं. अपघाताच्या बाबतीत तरी आता कायदा बाजूने आहे, २०१९ ला मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं, जखमीला मदत करणाऱ्याला नाव सांगायचीसुद्धा सक्ती नाही.

आणि २०१९ मधेच आलेला एक अभ्यास वाचून मला खरंच बरं वाटलं, अ‍ॅमस्टरडॅम, केप टाऊन आणि इंग्लंडातलं लँकेस्टर इथल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही फुटेज तपासलं तर दहातल्या नऊ वेळा निदान एकजण तरी मधे पडलेला दिसला.

किटीसाठीही एकजण आली होती. सोफिया फरार, तिची शेजारीण. मारेकरी अजून तिथेच आहे का हे माहीत नसताना ती धावत खाली गेली आणि किटीला मिठीत धरून बसून राहिली. टाइम्सच्या त्या बातमीत हे आलंच नव्हतं.