झिजण्यासाठी बनलेल्या फळ्या: जुन्या स्केटबोर्डांच्या संग्रहाची पार्श्वभूमी

जानेवारी २०१९ मध्ये सदबीज या लिलावसंस्थेने सुप्रीम या न्यूयॉर्कच्या ब्रँडने वीस वर्षांत काढलेल्या २४८ डेकचा, म्हणजे स्केटबोर्डच्या चाकांविना नुसत्या फळ्यांचा, संपूर्ण संच ८ लाख डॉलरला विकला, तेव्हा जुन्या स्केटबोर्डांच्या संग्रहाकडे कलाबाजाराचे लक्ष गेले. मात्र त्या संचातील डेक मुळातच भिंतीवर टांगण्याच्या योग्यतेचे होते. खरा संग्राहक ज्याच्या मागे असतो तो बोर्ड वापरून संपवण्यासाठी बनवलेला असतो, आणि म्हणूनच तो क्वचित टिकतो.

स्केटबोर्डचा जन्म कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, १९४० आणि १९५० च्या दशकांत झाला. नेमका कोणी पहिला बोर्ड केला हा प्रश्न निरर्थक आहे, कारण रोलर स्केट मोडून त्याची लोखंडी चाके लाकडी फळीला ठोकण्याची कल्पना अनेक मुलांना एकाच सुमारास सुचली असणार. समुद्रात लाटा नसतील त्या दिवशी सर्फिंग करणाऱ्यांना रस्त्यावर तोच तोल सांभाळता यावा, ही त्यामागची गरज होती. तयार बोर्डांची विक्री साठच्या दशकाच्या उंबरठ्यावर सुरू झाली. १९६३ च्या सुमारास लॅरी स्टीव्हन्सन यांच्या मकाहा कंपनीने सर्फबोर्डच्या आकाराचे बोर्ड बाजारात आणले आणि त्याच वर्षी हर्मोसा बीच येथे पहिल्या स्पर्धांपैकी एक भरली. मे १९६५ मध्ये लाइफ नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर बोर्डवर हातांवर उभी राहिलेली पॅटी मॅक्गी झळकली. पण वर्ष संपण्याच्या आतच ही लाट ओसरली, आणि त्याला चाके जबाबदार होती. मातीच्या मिश्रणापासून केलेली, ‘क्ले’ म्हणून ओळखली जाणारी ती चाके लोखंडापेक्षा सुखद असली तरी छोटासा खडा आडवा आला की जागीच अडत आणि चालवणारा पुढे फेकला जाई. अपघात वाढल्यावर अनेक शहरांनी बंदी घातली आणि दुकानांतला माल पडून राहिला. या काळातील बोर्ड आजही त्यामानाने सहज सापडतात, याचे कारण ते फारसे वापरले गेले नाहीत हेच आहे.

खरे वळण आले ते रसायनशास्त्राने. फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने व्हर्जिनियातील एका प्लास्टिकच्या कारखान्यात नवशिक्या रोलर स्केटरांसाठी बनवलेली युरेथेनची चाके पाहिली आणि ती कॅलिफोर्नियात नेऊन बोर्डला लावली. १९७३ च्या सुमारास कॅडिलॅक या नावाने त्यांची विक्री सुरू झाली. युरेथेन खडबडीत रस्त्याला चिकटून राहते, खडे पचवते आणि वळताना घसरत नाही. त्यापाठोपाठ बंद बेअरिंगची चाके आली आणि केवळ स्केटबोर्डसाठी घडवलेले, रुंद पायाचे ट्रक, म्हणजे चाके फळीला जोडणारे धातूचे आस, निघाले. फळीच्या मागील टोकाला वर वळण देण्याची स्टीव्हन्सन यांची कल्पनाही आता कामास आली. १९७६-७७ च्या दुष्काळात कॅलिफोर्नियातील पोहण्याचे अनेक तलाव रिकामे ठेवावे लागले, त्यांच्या गोलाकार भिंतींवर मुले चढू लागली आणि चढण्यासाठी डेक रुंद होत गेला. दशकाच्या आरंभी सहा-सात इंच असलेली रुंदी शेवटी दहा इंचांवर गेली. अनुभवी संग्राहक बोर्ड हातात घेताच रुंदी मोजतो आणि कागदपत्र न पाहता दशकाचा अंदाज बांधतो. तारीख सांगणारा याहून प्रामाणिक पुरावा दुसरा नाही, असे माझे मत आहे.

सर्वाधिक मागणी मात्र ऐंशीच्या दशकातील बोर्डांना आहे. सात थरांच्या मेपल लाकडाच्या रुंद डेकची खालची बाजू चित्रकारांसाठी मोठे फलक ठरली. पॉवेल पेराल्टा या कंपनीसाठी व्हर्नन कोर्टलँड जॉन्सन यांनी रेखाटलेले सापळे आणि कवट्या, सांताक्रूझ या कंपनीसाठी जिम फिलिप्स यांनी काढलेला किंचाळणारा हात ही चित्रे रंगागणिक वेगळी जाळीची चाळण (स्क्रीन) वापरून छापलेली असत, त्यामुळे रंगाचा थर बोटाला जाणवतो. ज्यांनी तेव्हा पौगंडावस्थेत हे बोर्ड चालवले ते आज पन्नाशीच्या आसपास आहेत आणि त्यांच्या हाती पैसा आहे, हे मागणीचे साधे कारण. न वापरलेला, प्लास्टिकच्या वेष्टनातील डेक सर्वांत महाग असला, तरी कडा घासलेला, शेपूट झिजलेला बोर्डही काही संग्राहक मुद्दाम घेतात.

या रुंद बोर्डांचा अंत एका कसरतीने केला. अॅलन गेलफंड याने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडात बोर्डला हात न लावता उडी घेण्याची युक्ती काढली आणि रॉडनी मलन याने ती ऐंशीच्या दशकाच्या आरंभी सपाट जमिनीवर आणली. रस्त्यावर हीच ‘ओली’ सर्व युक्त्यांचा पाया ठरल्यावर दोन्ही टोके सारखी असलेला, अरुंद आकार रूढ झाला आणि नव्वदच्या आरंभी चाके ४० मिलिमीटरपर्यंत खाली आली. त्याच वेळी लहान कंपन्यांनी चित्रे झपाट्याने बदलायला सुरुवात केली. एका चित्राचे आयुष्य महिन्यांत मोजले जाई, वापरलेला बोर्ड मोडून टाकला जाई, आणि म्हणूनच त्या वर्षांतील काही डेक ऐंशीच्या प्रसिद्ध डेकपेक्षाही दुर्मीळ आहेत.

मागणी वाढताच मूळ कंपन्यांनी जुनी चित्रे पुन्हा छापायला घेतली. प्रामाणिक पुनर्निर्मितीवर तसा उल्लेख असतो, पण तो खरवडून ती मूळ म्हणून विकण्याचे प्रकार घडतात. अशा वेळी ट्रक बसवण्याच्या छिद्रांकडे पाहावे. जुन्या पद्धतीत पुढच्या-मागच्या छिद्रांमधील अंतर अडीच इंच होते, नव्वदच्या दशकापासून ते सव्वादोन इंचांच्याही आत आले, आणि पुनर्निर्मित डेकवर ग्राहकाच्या सोयीसाठी कधी दोन्ही मापांची छिद्रे पाडलेली असतात. चित्र कितीही अस्सल वाटले तरी १९८५ चा म्हणून सांगितलेल्या डेकला मूळचीच आखूड मापाची छिद्रे असतील, तर तो त्या वर्षीचा नाही.