मीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणजे बॅटरी ओके? अजिबात नाही

बाईक स्टार्ट होत नाही, बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर) लावला, १२ व्होल्ट आले, म्हणजे बॅटरी चांगली आणि स्टार्टर मोटर गेली, असं कित्येक वर्षं सगळे एकमेकांना सांगत आलेत. पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी फुल चार्ज असेल तर गाडी बंद असताना १२.६ च्या वर दाखवते, १२.० म्हणजे ती जवळपास रिकामीच झालेली असते, नुसता आकडा बघून खूश व्हायचं नाही.

आणि १२.७ आले तरी लगेच सर्टिफिकेट देऊ नका, कारण मीटर बॅटरीकडून करंट जवळजवळ घेतच नाही, खरा लोड स्टार्टर मारतानाच येतो. मीटरच्या पिना थेट बॅटरीच्या टर्मिनलवर धरा आणि बटण दाबा. आकडा धाडकन ८-७ वर आला, रिले (बटण दाबल्यावर स्टार्टरला करंट जोडणारा स्विच) नुसता टकटक करतोय, तर बॅटरी डिस्चार्ज तरी आहे नाहीतर आतून गेलीय. चार्ज करून परत बघा.

बटण दाबल्यावरही ११ च्या आसपास टिकतंय आणि मोटर तरी ढिम्म, तर मग पुढे बघा. आधी अर्थिंग (earth), म्हणजे बॅटरीच्या मायनसकडून इंजिनच्या धातूपर्यंतची जोडणी, तपासा. एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, बटण दाबून धरा, अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंगची वायर किंवा तिचा गंजलेला बोल्ट हाच चोर. घासून कसून आवळा, फुकटात काम होतं. स्टार्टर खोलायचा नंबर या सगळ्यानंतर.