छताच्या कोपऱ्यातला शेपटीवाला कोळी

इंदूरमध्ये रामबाग किंवा नारायणबागेतल्या जुन्या घरांच्या माळ्यावर, जिन्याखाली, न्हाणीघराच्या कोपऱ्यात जो लांब टांगांचा कोळी उलटा लटकलेला असतो, तो बहुतेक वेळा क्रॉसोप्रायझा लायोनी. जातीचं वर्णन ब्रिटिश कोळी-अभ्यासक ब्लॅकवॉल यांनी १८६७ मध्ये केलं, वंशाला क्रॉसोप्रायझा हे नाव फ्रेंच कोळी-अभ्यासक सिमाँ यांनी १८९३ मध्ये दिलं.

ओळखायचा तर टॉर्च बाजूने मारा. खालून पाहिलं की सगळे एकसारखेच दिसतात आणि तिथेच फसगत होते. बाजूने त्याचं पोट डब्यासारखं दिसतं, मागे वर एक टोकदार उंचवटा. गुडघे काळपट, त्यांच्या लगत पांढुरकी कडी. पोट गोल, निळसर करड्या ठिपक्यांचं आणि अंग सेंटीमीटरभर असेल, तर तो आर्टेमा अटलांटा. लांबुळकं, नक्षीदार पोट असेल तर स्मेरिंगोपस पॅलिडस. मात्र जवळच्या जाती फोटोवरून पक्क्या सांगणाऱ्यांवर फार विश्वास ठेवू नका. त्यासाठी नराचे स्पर्शपाद, म्हणजे तोंडाजवळचे पायांसारखे छोटे अवयव, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. नमुना ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. चिमट्याने पाय धरला तर पायच हातात येतो, म्हणून कोळ्याला बाटलीतच उतरवून घ्यावं.

त्याचं जाळं विस्कटलेलं दिसतं, पण काम चोख. डास धाग्यांत अडखळला की कोळी मागच्या पायांनी त्याच्यावर रेशीम फेकतो, गुंडाळतो, मगच चावतो. थायलंडमध्ये डेंग्यूच्या डासांचा भक्षक म्हणून याच जातीचा अभ्यास झाला असून तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. डिवचलं की तो सगळं जाळं गदागदा हलवतो. माणसाला त्याचा त्रास नाही. ‘जगातला सर्वांत विषारी कोळी’ ही निव्वळ अफवा.

जळमटं होतात ती जुन्या धाग्यांवरच नवे ओढत गेल्याने आणि त्यांवर धूळ बसल्याने. दिवाळीच्या सफाईत कुंचा फिरवण्याआधी मादीच्या तोंडापाशी पाहा: मोजक्या धाग्यांनी बांधलेला अंड्यांचा पुंजका ती जबड्यात धरून असते. पेला उपडा ठेवून, खाली कागद सरकवून तिला जिन्याखाली सोडता येतं. भिंतीवर कीटकनाशक मारून मात्र फारसं साधत नाही, कारण तो भिंतीवर क्वचितच चालतो. लटकलेला असताना त्याच्या पायांची टोकंच तेवढी धाग्यांना टेकलेली असतात.