शासकीय पाळत आणि कायद्यापुढील उत्तरदायित्व (नागपूर)

राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्याचा तपास या कारणांसाठी नागरिकांचे संभाषण, संदेश, हालचाली व संगणकीय माहिती यांवर त्यांच्या नकळत ठेवलेल्या सरकारी नजरेला शासकीय पाळत म्हणतात. पोलीस दलाच्या नव्या तंत्रज्ञानाचे राज्यातील एक केंद्र नागपुरात आहे. त्याला जाब विचारू शकणाऱ्या दोन संस्थाही येथे सिव्हिल लाइन्समध्येच भेटतात : मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ, आणि १९५३ च्या नागपूर करारानुसार हिवाळी अधिवेशनासाठी येणारे विधिमंडळ.

फोन टॅपिंगचा अधिकार दीर्घकाळ १८८५ च्या भारतीय तार कायद्याच्या कलम ५(२) वर उभा होता. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी एक परिस्थिती असेल, तरच देशाचे सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीसंबंध, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्यास चिथावणी रोखणे या कारणांसाठी तो वापरता येत असे. तो कसा वापरावा याचे नियम मात्र शतकभर झाले नाहीत. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये कार्यपद्धती आखून दिली, २००७ मध्ये ती नियम ४१९-अ म्हणून नियमांत आली, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालील डिसेंबर २०२४ च्या नियमांनी तिची जागा घेतली.

या कार्यपद्धतीत राज्यापुरता आदेश गृह विभागाच्या सचिवाने लेखी व सकारण द्यावा लागतो. माहिती दुसऱ्या मार्गाने मिळू शकत नाही याचाही विचार त्याने करायचा असतो. आदेशाची मुदत ६० दिवस असते आणि ती वाढवत नेली तरी एकूण १८० दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. तातडीच्या प्रसंगी वरिष्ठ पोलीस अधिकारी स्वतः सुरुवात करू शकतो, पण सात कामकाजाच्या दिवसांत मान्यता न मिळाल्यास टॅपिंग थांबवावे लागते. प्रत्येक आदेशाची प्रत मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील पुनर्विलोकन समितीकडे जाते आणि ही समिती दोन महिन्यांतून एकदा बसते. कागदावर ही साखळी नेटकी आहे. तिचा खरा दोष असा की आदेश देणारा सचिव, तो तपासणारे सचिव आणि टॅपिंग करणारी यंत्रणा हे सगळे शासनाचेच घटक आहेत. न्यायाधीश त्यात कोठेही नाही, आणि ज्याचा फोन ऐकला गेला त्याला मुदत संपल्यावरही कळवले जात नाही. ज्याला अन्यायाचा पत्ताच नाही, तो दाद मागणार कशी?

या बाबतीत महाराष्ट्राचा स्वतःचा १९९९ चा मोक्का (संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा) अधिक उघडा आहे. टॅपिंगमधून मिळालेला पुरावा वापरायचा असेल, तर खटल्याच्या किमान दहा दिवस आधी आरोपीला आदेशाची प्रत द्यावी लागते. शिवाय कलम २७ नुसार किती अर्ज आले, किती मंजूर वा नामंजूर झाले आणि त्यातून किती खटले उभे राहिले याचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवणे शासनावर बंधनकारक आहे. सुरक्षेचे कारण देऊन त्यातील मजकूर वगळण्याची मुभा शासनाला आहे, तरीही आमदारांच्या हातातील हे मोलाचे साधन आहे आणि त्याचा वापर व्हायला हवा. संभाषण ऐकण्याच्या तरतुदी करण्याचा राज्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मान्य केला.

ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवल्यावर न्यायालयांची कसोटी कडक झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाचप्रकरणातील टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले. सार्वजनिक सुरक्षिततेला धोका असल्याचे त्यांतून दिसत नाही असे सांगून न्यायालयाने ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास फर्मावले. सुरक्षेच्या कायद्यांतही पायरी चुकवता येत नाही, हे नागपूर खंडपीठाने माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून शिक्षा झालेले प्रा. जी. एन. साईबाबा यांच्या प्रकरणात दाखवले. यूएपीए या बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याखालील खटल्याची मंजुरी सदोष असल्याने ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठाने त्यांना दोषमुक्त केले. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय बाजूला ठेवून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले आणि ५ मार्च २०२४ रोजी नागपूर खंडपीठातीलच दुसऱ्या न्यायमूर्तींनी पुन्हा त्यांची निर्दोष मुक्तता केली.

ऑक्टोबर २०१९ मध्ये उघड झालेल्या पेगासस या फोनमधील हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात, आपल्या फोनला लक्ष्य केल्याचे व्हॉट्सॲपने कळवले असे जाहीरपणे सांगणाऱ्यांत नागपूरचा एक वकीलही होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, राष्ट्रीय सुरक्षेचा नुसता उल्लेख केल्याने शासनाला मोकळीक मिळत नाही असे बजावून तांत्रिक समिती नेमली. तिने तपासलेल्या २९ फोनपैकी पाचांत घातक सॉफ्टवेअर आढळले, मात्र ते पेगासस असल्याचे सिद्ध झाले नाही. केंद्राने समितीला सहकार्य केले नाही, असे सरन्यायाधीशांनी ऑगस्ट २०२२ मध्ये भर न्यायालयात नमूद केले. राज्यात नाना पटोले यांनी २०२१ मध्ये विधानसभेत, आपण खासदार असताना दुसऱ्याच नावाखाली आपला फोन टॅप झाल्याचा आरोप केला. त्यातून गुन्हे नोंदवले गेले आणि उच्च न्यायालयाने ते सप्टेंबर २०२३ मध्ये रद्द केले.

पाळतीचे नवे रूप मात्र फोनपुरते उरलेले नाही. नागपूरच्या चौकाचौकांत कॅमेरे आहेत, आणि पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तयार करणारी ‘मार्व्हल’ ही शासकीय कंपनी मार्च २०२४ मध्ये भारतीय व्यवस्थापन संस्था, नागपूर हिच्या सहभागाने येथे स्थापन झाली. गुन्ह्यांच्या तपासात त्याचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु फोनसाठी असलेला लेखी आदेश, ६० दिवसांची मुदत आणि पुनर्विलोकन समिती यांसारखे बंधन कॅमेऱ्यातील चेहरा ओळखण्यावर संसदेच्या कोणत्याही स्वतंत्र कायद्याने घातलेले नाही, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने राज्याची सुरक्षा व सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी शासकीय यंत्रणांना अधिसूचनेद्वारे सूट देण्याची वाट मोकळी ठेवली आहे.