प्यायलेल्या रुग्णाची संमती नेहमीच बाद ठरते का?

रक्तात मद्य सापडलं की रुग्णाची संशोधनासाठीची संमती आपोआप बाद, हा समज फार जुना आहे आणि तो चुकीचा आहे.

संमती देण्याची क्षमता रक्तातल्या मद्याच्या आकड्यावर ठरत नाही. सांगितलेलं समजतं का, ते स्वतःला कसं लागू पडतं हे कळतं का, फायद्या-तोट्याचा विचार करता येतो का आणि निर्णय सांगता येतो का, हे पाहायचं असतं. रोज पिणाऱ्याच्या शरीराला मद्याची सवय झालेली असते. आकडा मोठा असूनही तो नीट समजून बोलू शकतो. त्याचंच मद्य उतरू लागलं की कंप आणि भ्रम सुरू होऊ शकतात, म्हणजे आकडा घसरताना क्षमताही घसरते! म्हणून अभ्यासाचा हेतू, धोके आणि कधीही बाहेर पडण्याचा हक्क रुग्णाला त्याच्याच शब्दांत सांगायला लावावा. नुसती मान डोलावणं पुरेसं नाही, सहीसुद्धा नाही. शंका असेल आणि अभ्यास थांबू शकत असेल, तर थांबावं.

'तातडी आहे, मग विचारायचं कशाला' हेही तितकंच चूक. हेलसिंकी जाहीरनाम्यानुसार (माणसांवरील संशोधनासाठी जागतिक वैद्यकीय संघटनेने घालून दिलेली नैतिक तत्त्वं) रुग्ण असमर्थ असेल तर कायदेशीर प्रतिनिधीची संमती लागते. प्रतिनिधी नसेल आणि संशोधन लांबवता येत नसेल, तरच नैतिकता समितीने आधी मंजूर केलेल्या आराखड्यानुसार पुढे जाता येतं. अभ्यासात राहण्याची संमती मग शक्य तितक्या लवकर घ्यावीच लागते.

सरसकट वगळण्यातही अन्याय आहे. अपघातग्रस्तांत मद्य वारंवार आढळतं. त्यांना बाहेर ठेवून तपासलेले उपचार पुढे त्यांच्यावरच वापरले जातात.