फोनची पोच आणि माणसाचा निरोप

आईला ‘पोहोचले’ एवढा एकच शब्द लिहिला, पाठवायच्या बाणावर अंगठा टेकवला, अंगठ्याखाली बारीकशी टक लागली आणि मी फोन पर्समध्ये टाकला. तेव्हा मी लिफ्टमध्ये होते आणि तिथे नेटवर्क नव्हतं. वर गेल्यावर लगेच मीटिंग सुरू झाली. पाऊण तासानं फोन बाहेर काढला तर मेसेजशेजारी लाल खूण, तो गेलेलाच नव्हता. तेवढा वेळ आई फोन समोर ठेवून बसली होती.

ती टक खोटी नव्हती. अर्थ मी चुकीचा लावला होता. टक म्हणत होती, ‘तुझं बोट मला लागलं.’ मी समजले, ‘तुझा निरोप पोहोचला.’

त्या दिवसापासून मी या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवते आणि दुसऱ्यांनाही तशाच सांगते. एक आहे पोच. आपण स्क्रीनला हात लावला, त्याला फोननं स्पर्शानंच दिलेलं उत्तर. यालाच हॅप्टिक फीडबॅक म्हणतात. दुसरा आहे निरोप. एका माणसानं टिचकी मारून, बोट ओढून किंवा दाबून धरून दुसऱ्याला काहीतरी सांगितलं आणि ते दुसऱ्याच्या हाताला किंवा मनगटाला जाणवलं. दोन्हींत बोट आहे, दोन्हींत थरथर आहे, आणि बहुतेक फोनमध्ये दोन्ही कामं एकच इवलीशी मोटर करते. त्यामुळे गोंधळ होतो यात नवल नाही.

फरक ओळखायचा तर थरथर आली तेव्हा बोट कुठे होतं ते आठवा. बोट स्क्रीनवर असताना, त्याच क्षणी आली, तर ती बहुतेक वेळा पोच असते. फोन खिशात किंवा टेबलावर असताना आली, तर कुणीतरी, निदान कुठलंतरी अ‍ॅप, तुम्हाला हाक मारतंय.

पोचेला उशीर चालत नाही. कीबोर्डवर ‘क’ दाबला आणि सेकंदाच्या दहाव्या भागानंतर टक आली, तर ती ‘क’ची वाटत नाही. बोट तोवर पुढच्या अक्षराकडे निघालेलं असतं आणि टक भलत्याच अक्षराला चिकटते. म्हणून पोच नेहमी फोनच्या आतच तयार होते, तिला नेटवर्क लागत नाही. विमानात, तळघरात, सिमकार्ड काढून टाकलं तरी ती येते. माझ्या लिफ्टमध्ये ती आली ती यामुळेच. निरोपाला मात्र सेकंद काय, तासभर उशीर झाला तरी तो निरोपच राहतो. त्याला वाट लागते, पलीकडे घेणारा लागतो, आणि त्या टिचकीचा अर्थ दोघांना आधीपासून माहीत असावा लागतो.

थोडं मोटरबद्दल. जुन्या फोनमध्ये एका बारीक मोटरच्या दांड्यावर एका बाजूला जड असं वजन बसवलेलं असे. मोटर फिरली की ते वजन फोनला गदगदा हलवी. फोन वाजतोय हे कळायला तेवढं पुरे होतं. पण अशा मोटरला वेग घ्यायला वेळ लागतो आणि थांबायलाही, त्यामुळे तिच्याकडून ‘टक’ निघत नाही, ‘घर्रर्र’ निघतं. नंतर आलेल्या प्रकारात स्प्रिंगवर बसवलेलं वजन चुंबकाच्या जोरावर सरळ रेषेत पुढेमागे हलतं. ते चटकन सुरू होतं, चटकन थांबतं. ॲपलनं २०१५ मध्ये घड्याळात आणि पाठोपाठ आयफोन ६एस मध्ये ‘टॅप्टिक इंजिन’ आणलं ते याच जातीचं. आज चांगल्या अँड्रॉइड फोनमध्येही सरळ रेषेत हलणारी मोटर असते. स्वस्त फोनचा कीबोर्ड व्हायब्रेशनवर ठेवला की बोटं बधिर झाल्यासारखी वाटतात आणि लोक ते बंद करून टाकतात. दोष बहुतेक वेळा त्या गोल फिरणाऱ्या मोटरचा असतो, कल्पनेचा नव्हे.

आपल्या कातडीलाही यात आवड-निवड आहे. त्वचेत खोलवर कांद्यासारखे पापुद्रे असलेली सूक्ष्म संवेदनाग्रं असतात. इटालियन शरीरशास्त्रज्ञ फिलिपो पाचिनी यांच्या नावानं ती ओळखली जातात. सेकंदाला साधारण २०० ते ३०० कंपनांच्या आसपास ती सगळ्यात जास्त जागरूक असतात. त्याहून संथ, फडफडल्यासारखी हालचाल टिपणारी संवेदनाग्रं निराळी, ती त्वचेच्या वरच्या थरात असतात. म्हणून एकाच मोटरमधून कधी खणखणीत टिचकी जाणवते, कधी नुसती गुरगुर.

पोच किती पटवून देऊ शकते हे पाहायचं असेल तर आयफोन ७ किंवा ८ कुणाकडे पडून असेल तो घ्या. खालचं गोल बटण दाबा. ते आत जातं आणि ‘टक’ करून परत येतं असं अंगठा शपथेवर सांगेल. आता फोन पूर्ण बंद करा आणि तेच बटण पुन्हा दाबा. काहीच होत नाही. ते बटण मुळात हलतच नाही, ती नुसती दाब ओळखणारी सपाट चकती आहे. हलल्याचा भास मोटर देत होती. २०१५ पासूनच्या बहुतेक मॅकबुकचा ट्रॅकपॅडही असाच आहे, लॅपटॉप बंद केला की तो काचेच्या तुकड्यासारखा गप्प पडतो. मी पहिल्यांदा हे करून पाहिलं तेव्हा चार-पाच वेळा चालू-बंद करत बसले, कारण डोक्याला कळूनही अंगठा ऐकायला तयार नव्हता. पोच म्हणजे फोन आपल्याच बोटाला सांगत असलेली गोष्ट, हे मला इतकं स्वच्छ दुसऱ्या कशानं कळलं नसतं. यात पलीकडे कुणीही नाही.

आता निरोप. फोनच्या पुष्कळ आधीपासून माणसं स्पर्शानं बोलत आलेली आहेत. हिरोनिमस लोर्म या टोपणनावानं लिहिणाऱ्या ऑस्ट्रियन लेखकाला ऐकू येत नव्हतं आणि पुढे दिसायचंही थांबलं. त्यानं १८८१ मध्ये तळहातावर लिहायची वर्णमाला तयार केली. बोटाच्या टोकावर टिचकी म्हणजे एक अक्षर, बोटावरून खाली ओढलेली रेघ म्हणजे दुसरं, तळव्यावर काढलेलं वर्तुळ म्हणजे तिसरं. जर्मन भाषिक प्रदेशात ती आजही वापरतात. टिचकी, रेघ, वर्तुळ: टचस्क्रीनवर आपण जे करतो ते सगळं तिथे आहे, फक्त स्क्रीनच्या जागी समोरच्याचा तळहात आहे.

फोनमध्ये हा विचार हळूहळू आला. नोकियाच्या जुन्या फोनमध्ये मेसेज आल्यावर तीन आखूड, दोन लांब, तीन आखूड असे बीप वाजत. ते मोर्स लिपीतलं ‘एसएमएस’ होतं. २०११ मध्ये आयफोनवर प्रत्येक माणसासाठी वेगळं कंपन ठरवता येऊ लागलं, तेही स्क्रीनवर स्वतः ताल धरून. मग फोन खिशातच राहिला तरी कुणाचा फोन आहे ते मांडीला कळायचं. हा अर्धा निरोप झाला. कोण हे कळतं, काय ते कळत नाही, आणि ताल पाठवणाऱ्यानं नाही, घेणाऱ्यानं धरलेला असतो.

पुरा निरोप २०१५ च्या ॲपल वॉचमध्ये आला आणि पुढच्या वर्षी आयफोनच्या मेसेजमध्ये ‘डिजिटल टच’ या नावानं उतरला. एका बोटानं टिचकी मारली की पलीकडच्याला टिचकी दिसते आणि जाणवते. दोन बोटं टेकवून ठेवली की हृदयाचे ठोके जातात. तशीच धरून खाली ओढली की हृदय भंगतं. इथे टिचकी म्हणजे कुठल्या कामाचं बटण नव्हे, टिचकी हाच मजकूर आहे.

खरं तर स्पर्श मात्र तारेवरून जात नाही. फोन फक्त नोंद पाठवतो की बोट कुठे टेकलं, किती वेळ, कोणत्या क्रमानं. पलीकडची मोटर त्या नोंदीवरून स्वतःची टिचकी वाजवते. मी जोरात मारली की हलक्या हातानं, हे बहुतेकदा हरवतं. ठोक्यांचंही तसंच. घड्याळाच्या पाठीवरचे हिरवे दिवे मनगटातल्या रक्ताचा प्रवाह टिपतात, त्यामुळे घड्याळावरून पाठवलेले ठोके खरोखर पाठवणाऱ्याचे असतात. नुसत्या फोनजवळ नाडी मोजायचं असं साधन नसलं तर जातो तो ठरावीक धडधडीचा नमुना. दोन्ही निरोप प्रेमाचेच असतील, पण एकात माणसाच्या शरीराची मोजणी आहे आणि दुसऱ्यात ती नाही, एवढं घेणाऱ्याला माहीत असलेलं बरं.

या दोन्हींच्या मधे एक तिसरी गोष्ट लुडबुड करते, आणि माझ्या मते खरा गोंधळ तिच्यामुळे होतो. मेसेजवर बोट ठेवून बाजूला ओढलं की उत्तर द्यायला जागा उघडते. माइक दाबून धरला की आवाज रेकॉर्ड होतो, बाजूला सरकवला की रद्द. या हालचालींनाही सगळे जेश्चरच म्हणतात. पण हा निरोप नव्हे, हा हुकूम आहे, आणि तोही आपल्या फोनला दिलेला. पलीकडच्याला फक्त तुमचं उत्तर मिळतं, तुम्ही ते ओढून लिहिलंत की बटण दाबून, हे त्याला कधीच कळत नाही.

हुकूम आणि पोच यांची जोडी कशी जमते हे अगदी हळू करून पाहण्यासारखं आहे. बऱ्याच मेसेजिंग अ‍ॅपमध्ये मेसेज सावकाश, मिलिमीटर मिलिमीटरनं ओढा. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. मग एका ठिकाणी, बोट अजून काचेवरच असताना, एक बारीक टक येते. ती सांगते, ‘एवढं पुरे, आता सोडलंस तर उत्तराची जागा उघडेन.’ मन बदललं तर बोट तसंच मागे न्या, काही घडत नाही. डोळे न लावता हाताला सीमारेषा कळते. मला ही टक सगळ्यात विचारपूर्वक केलेली वाटते, कारण ती झालेल्या गोष्टीची बातमी देत नाही, व्हायच्या आधी विचारते.

उलट पाठवायच्या बाणावरची टक. तिथे अ‍ॅप बनवणाऱ्यांनी जास्त काळजी घ्यायला हवी असं मी ठामपणे म्हणेन. आयफोनवर २०१६ पासून यश, इशारा आणि चूक यांसाठी वेगवेगळी कंपनं अ‍ॅप बनवणाऱ्यांना तयार मिळतात. अँड्रॉइडवरही ‘मान्य’ आणि ‘नामंजूर’ अशी वेगळी कंपनं आहेत. तरीही यशाचं कंपन बाण दाबताक्षणी वाजवणारी अ‍ॅप मी वापरली आहेत. यश तर अजून व्हायचं असतं. बाणाला लागलेल्या बोटाची टक साधी असावी, आणि मेसेज खरंच न गेल्यास चूक सांगणारं कंपन यावं, फोन खिशात असला तरी. माझ्या आईचा पाऊण तास तेवढ्यानं वाचला असता.

सेटिंगमध्येही ही दोन खाती वेगळी आहेत आणि लोक एक बंद करताना दुसरं बंद करून बसतात. अँड्रॉइडवर रिंग, नोटिफिकेशन आणि स्पर्शाचा प्रतिसाद यांची तीव्रता साधारणपणे वेगवेगळी ठेवता येते. टायपिंगची टकटक नको असेल तर फक्त शेवटची कमी करा. आयफोनवर कीबोर्डची टक २०२२ च्या आयओएस १६ पासून आली आणि ती स्वतः चालू करावी लागते. तिथेच ॲक्सेसिबिलिटीमध्ये ‘व्हायब्रेशन’ नावाचं एक बटण आहे, ते मात्र सरसकट आहे. ते बंद केलं की पोच जाते, निरोप जातो आणि आपत्तीच्या सूचनांची थरथरही जाते. कीबोर्डचा त्रास होतो म्हणून त्याला हात लावू नका.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी हा फरक सोयीपुरता राहत नाही. आयफोनवर २०१४ पासून स्क्रीनवरच सहा बोटांनी ब्रेल टाइप करता येते, अँड्रॉइडवर २०२० पासून. काच सपाट, कळांना कंगोरे नाहीत, त्यामुळे अक्षर बसलं की नाही हे कळायला पोच कामी येते. ती उशिरा आली किंवा निरोपाच्या कंपनासारखीच आली तर लिहिणाऱ्याचा हात अडखळतो.

आणि जिथे फोन मधे नसतो तिथेही ही जोडी दिसते. अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या, दिसत नाही आणि ऐकूही येत नाही अशा लोकांनी २००७ च्या सुमारास ‘प्रोटॅक्टाइल’ ही स्पर्शाची भाषा घडवायला सुरुवात केली. तिच्यात बोलणारा ऐकणाऱ्याच्या हातावर, खांद्यावर बोलतो. त्याच वेळी ऐकणारा बोलणाऱ्याच्या मांडीवर किंवा हातावर बोटं टेकवत राहतो. आपण फोनवर ‘हं, हं’ करतो तेच हे. बोलणाऱ्याला त्यातून सतत कळत असतं की समोरचा ऐकतोय, हसतोय, की कुठे गोंधळलाय. निरोप एका हातावर चाललेला असतो आणि त्याची पोच दुसऱ्या हाताला मिळत असते, दोन्ही एकाच वेळी, दोन्ही माणसांकडून.