स्पेशल मुलांचे शिक्षक या कामात टिकतात कशामुळे?

"तुमच्यात काय पेशन्स आहे हो, आम्हाला नसतं जमलं" हे वाक्य विशेष शिक्षकांना सारखं ऐकावं लागतं, जोडीला 'मागच्या जन्मीचं काहीतरी देणं असणार' हेही असतंच. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण मुलाच्या अपंगत्वाचा कुणाच्याही कर्माशी काडीचा संबंध नाही, आणि नुसत्या पेशन्सवर कुणी वर्षानुवर्षं एका कामात राहत नाही.

अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये सेल्फ-एफिकसीची थिअरी मांडली. सेल्फ-एफिकसी म्हणजे 'हे काम मला जमेल' हा विश्वास. तो चार वाटांनी येतो: स्वतःला एखादी गोष्ट जमणं, आपल्यासारख्याच कुणाला ती करताना बघणं, कुणीतरी धीर देणं आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. पहिली वाट सगळ्यात भरवशाची, आणि यश कष्टाने आलं असेल तर विश्वास जास्त टिकतो. पण ज्या वर्गात एका मुलाला शर्टाचं बटण लावायला शिकायलाच कित्येक महिने लागू शकतात, तिथे शिक्षकाला यश दिसणार कुठून?

इथे टास्क अ‍ॅनालिसिस कामाला येतं, आणि मला ही पद्धत फार आवडते. बटण लावण्याचं काम छोट्या छोट्या पायऱ्यांत तोडायचं: काज पकडणं, बटण काजाशी आणणं, अर्धं आत सरकवणं, पलीकडून चिमटीत धरणं, ओढून घेणं. प्रत्येक पायरीपुढे मदत किती लागली ते लिहायचं, हात धरून, खुणेने, नुसतं सांगून की काहीच नाही. बऱ्याचदा बॅकवर्ड चेनिंग करतात, म्हणजे आधीच्या पायऱ्या शिक्षक करतो आणि शेवटचं ओढणं मुलाकडे, त्यामुळे बटण लागल्याचा आनंद पहिल्या दिवसापासून त्याचाच, ते जमलं की शेवटून दुसरी पायरी त्याच्याकडे, असं मागे मागे येत जायचं आणि मदतही हळूहळू काढून घ्यायची, याला फेडिंग म्हणतात. बाहेरच्याला महिनाभर काहीच झालेलं दिसत नाही, पण तक्त्यात चौथ्या पायरीसमोर 'हात धरून'च्या जागी 'खुणेने' आलेलं असतं! तक्ता मुलासाठी असतो खरा, पण माझ्या मते तो शिक्षकालाही तितकाच सांभाळतो, कारण बंडुराची पहिली वाट त्यातूनच चालू राहते.

मग सोडून जाणारे का जातात? अमेरिकन संशोधक बॉनी बिलिंग्सली यांनी २००४ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात कमी पगार, शाळेतलं वाईट वातावरण, वरिष्ठांचा पाठिंबा नसणं आणि कामाचा अति बोजा ही कारणं ठळक आहेत. म्हणून या शिक्षकांना देवदूत म्हणणं मला पटत नाही, देवदूत म्हटलं की पगार आणि मदतनीस यांचा विषयच मागे पडतो. त्यापेक्षा नव्या शिक्षकाला लगेच एकट्याने वर्ग देण्याआधी अनुभवी शिक्षकाच्या वर्गात बसून बघू द्यावं, बंडुराची दुसरी वाट तीच आहे, आणि तक्ते भरायला शाळेच्या वेळेतच वेळ मिळावा.